परत न आलेले नऊ

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं चर्चच्या बालवर्गात मुलांना एक ते दहा शिकवतेय आणि बावीस वर्षं शाळेच्या मोठ्या बाई मला सांगतायत, "अहो, जरा जिभेला लगाम घाला." घालून पाहिला. दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

आमच्या वर्गाची एक रीत आहे, ती मीच पाडली. सकाळच्या प्रार्थनेनंतर प्रत्येक मूल बरणीत घेवड्याचा एक दाणा टाकतं आणि एका गोष्टीबद्दल देवबापाचे आभार मानतं. नियम दोनच. शेजारच्याने सांगितलेलं सांगायचं नाही, आणि खोटं सांगायचं नाही. हे नियम नव्हते तेव्हा अख्खा वर्ग "आईबाबांबद्दल आभार" म्हणून मोकळा व्हायचा, अर्धं लक्ष डब्याकडे. आता कुणी म्हणतं, "माझा दात हलतोय म्हणून." कुणी म्हणतं, "काल दिवे गेले तेव्हा बाबांनी भिंतीवर सावलीचा कुत्रा केला म्हणून." मग सगळे मिळून दाणे मोजायचे. आभारही होतात, आकडेही पाठ होतात.

वर्गात एक पोर आहे, तिला ठिणगी हे नाव मीच ठेवलं. वय चार, अंगकाठी काडीची आणि नजर सरळ तुमच्या डोळ्यांत. तिची आई लाँड्रीत इस्त्री करते, सकाळपासून उभी. आमच्याकडे येण्याआधी ही पोर दिवसभर त्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसायची. एकदा वायर ओढली आणि इस्त्री खाली आली. कोपराच्या वर तिकोनी डाग अजून आहे. आमच्याकडची तिची जागा देणगीतली. एक मॅडम आहेत, त्या वर्गातल्या पाच मुलांचा सगळा खर्च करतात.

त्या आठवड्यात मी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घेतली होती. पुठ्ठ्याची दहा माणसं कापायची, त्यांना बँडेजच्या पट्ट्या गुंडाळायच्या, आणि प्रभू येशूने बरं केलं की एकेक पट्टी सोडायची. मुलांना पट्ट्या सोडायला फार आवडतं, बोटांनाही वळण लागतं. मग नऊ माणसं चालत टेबलाच्या टोकाला जातात आणि एक परत येतो, आभार मानायला. दहातला एक परत आला, उरले किती? सगळे ओरडतात, नऊ.

ठिणगीने हात वर केला. "बाई, मग त्या नऊ जणांना परत फोड आले?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही कधी सुचलं नाही, लाज वाटली. "उद्या बघून सांगते," म्हटलं. घरी जाऊन शुभवर्तमानातला तो भाग दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, "नाही आले. नऊ जण कुठे आहेत, असं प्रभूने विचारलं. पण त्यांचा आजार परत आला, असं कुठेच लिहिलेलं नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

रविवारी उपकारस्तुतीचा कार्यक्रम होता. मॅडमनी पाच मुलांना काळे बूट पाठवले होते, पाचही जोड एकाच मापाचे. कमिटीच्या सेक्रेटरींनी मुलांना वाक्य पाठ करायला दिलं होतं: "मॅडम, सुंदर बुटांबद्दल आम्ही तुमचे आभारी आहोत." चौघांनी पोपटासारखं म्हटलं. पाचवी ठिणगी. माइक तिच्या तोंडाशी धरलेला.

"बूट चावतात," ती म्हणाली. "बुटांबद्दल नाही. वर्गाबद्दल आभार."

मागच्या बाकांवर हशा पिकला. त्या हशात शेवटचे दोन शब्द बुडाले, आणि पहिले दोन मात्र सगळ्या सभागृहाने ऐकले. मॅडम काही बोलल्या नाहीत. अपमान झाला तो सेक्रेटरींचा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. चूक माझी होती. खोटं बोलायचं नाही, हा नियम मी पोरांना शिकवला आणि मोठ्यांच्या कार्यक्रमात तो चालत नाही, हे शिकवायचं विसरले.

मंगळवारी ऑफिसात बोलावणं आलं. टेबलापलीकडे सेक्रेटरी, बाजूला हजेरीपट घेऊन मोठ्या बाई, दाराशी ठिणगीची आई. कामावरून तशीच आली होती, हातात कापडी पिशवी. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "बाई, तुम्ही काही बोलू नका. मी माफी मागते. पोरीलाही मागायला लावते. जागा तेवढी जाऊ देऊ नका."

"माफीचा प्रश्न नाही," सेक्रेटरी म्हणाले. "धर्माची गाय आणि म्हणे दात का नाय. ज्याला कृतज्ञता नाही त्याच्यावर देणगी का खर्च करायची? जागा दुसऱ्या मुलाला देऊ. सोमवारपासून हिचं नाव कमी."

"मॅडम असं म्हणाल्या?" मी विचारलं.

"त्यांनी म्हणायची वाट बघायची का?"

म्हणजे त्या म्हणाल्याच नव्हत्या. माझं डोकं सणकलं. वर्गात गेले, खोका उचलला आणि पुठ्ठ्याची दहा माणसं त्यांच्या टेबलावर ओळीने मांडली, त्यांच्या फायलींवरच.

"मोजा," मी म्हटलं.

"बाई, हे काय चाललंय?"

"बालवर्गाचा धडा. मोजा. दहा. हा एक परत आला. हे नऊ नाही आले. आता मला सांगा, या नऊ जणांना प्रभूने पुन्हा फोड आणले का? तुम्ही दर रविवारी पहिल्या बाकावर बसता, तुम्हाला माहीत असेल."

मी थांबले नाही.

"दिलेलं त्याने काढून घेतलं नाही. आणि तुम्ही चार वर्षांच्या पोरीला परत इस्त्रीखाली पाठवताय, ते कशासाठी? बूट चावतात म्हणाली म्हणून. ती नऊतली नव्हतीच, साहेब. वर्गाबद्दल आभार मानले तिने, तुम्हाला हशात ऐकू आलं नाही. तिचं नाव कमी करायचं तर माझंही करा. त्या वर्गात खोटं शिकवायला मी उभी राहणार नाही."

"तो लहान मुलांचा धडा आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"हो. लहान मुलांना कळला."

ठिणगीची आई इतका वेळ खाली बघत होती. ती पुढे आली. पिशवीतून बूट काढले, पुसून चकचकीत केलेले, आणि त्या दहा माणसांच्या शेजारी ठेवले. टाचेच्या आतल्या बाजूला वाळलेलं रक्त होतं.

"साहेब, मी माफी मागायलाच आले होते," ती म्हणाली. "आता नाही मागत. माझी पोर खरं बोलली. हे बूट कुणाला मापाचे होतील त्याला द्या. ती उद्या वर्गात येणार."

सेक्रेटरी लाल झाले. मोठ्या बाईंकडे वळून म्हणाले, "नाव कापा. आत्ता, माझ्यासमोर."

मोठ्या बाईंनी हजेरीपट उघडला. ठिणगीच्या नावावर बोट ठेवलं. मी त्या बोटाकडे बघत होते, कारण ही बाई उभ्या आयुष्यात कमिटीला नाही म्हणालेली मी पाहिली नव्हती. त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं आणि पेन पर्समध्ये ठेवून दिलं.

"शाई संपलीय," त्या म्हणाल्या.

सकाळपासून त्याच पेनने त्यांनी सगळ्या शाळेची हजेरी मांडली होती. सेक्रेटरींनी खिशातलं स्वतःचं पेन काढून पुढे केलं. मोठ्या बाईंनी त्या पेनकडे पाहिलं आणि हजेरीपट मिटला.

"मला दुसऱ्याच्या पेनने लिहायची सवय नाही. मॅडमना मी स्वतः फोन करते. त्या नाही म्हणाल्या तर या मुलीचा खर्च माझ्याकडून."

दुसऱ्या दिवशी ठिणगी जुन्या चपला घालून आली, टाचेला पट्टी. तिची पाळी आली तेव्हा दाणा मुठीत घट्ट धरून तिने बराच विचार केला. बाकीची पोरं चुळबुळ करायला लागली, पण मी घाई केली नाही.

"देवबापा," ती म्हणाली, "आईने बूट परत दिले म्हणून आभार."

दाणा बरणीत पडला. आमेन सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं, ऑफिसपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. मग आम्ही दाणे मोजायला बसलो. एकही कमी नव्हता.