गाडी म्हणजे कुठली?

थळच्या भागोजींच्या अंगणात आता दोन वाहनं उभी राहत: मासळी आणि बर्फ वाहून सतरा वर्षं झिजलेली पिकअप, आणि सतराच दिवसांची पांढरी छोटी कार. कारचा हट्ट सुनेचा, रुचिकाचा. नऊ महिन्यांच्या स्वराजला पिकअपमध्ये बसवायला ती मुळीच तयार नव्हती.

"कारला सहा एअरबॅग आहेत बाबा. पिकअपला एकही नाही."

"ते काय अस्तंय?"

"हवेच्या पिशव्या."

"मग माझे चार टायर काय भातानं भरलेत?"

बुधवारी स्वराजला गोवराची लस द्यायची होती. मागच्या आठवड्यात तापामुळे हुकली, आणि तेवढ्यात शेजारच्या आळीत दोन पोरांना गोवर निघाला. उपकेंद्रात नर्सबाई त्या दिवशी एकपर्यंतच होत्या. रुचिकाच्या नवऱ्याने, रितेशने, कार गार व्हावी म्हणून आधीच बटण दाबून चालू केली आणि चावी तिच्या हातात दिली. तिने ती बाळाच्या पिशवीत टाकली आणि सासूबाईंना हाक मारली, "आई, पिशवी गाडीत ठेवता का?"

कोकिळाबाईंनी ठेवली. गाडीत.

निघाल्यापासून कार टिंग टिंग करत होती. रुचिकाने बाळाचा पट्टा चारदा तपासला. "थांब, मोबाइलसारखी बंद करून चालू करतो," म्हणत रितेशने कार कडेला घेतली आणि बटण दाबलं. कार गप्प झाली ती झालीच. पडद्यावर अक्षरं उमटली, चावी सापडत नाही.

कोकिळाबाई वाळत घातलेली मासळी परतायला गेलेल्या. त्यांनी वीस मिनिटांनी फोन उचलला.

"पिशवी? गाडीत गो. हौद्यात, कोपऱ्याला. कोनी वर बसू नये म्हनून."

"अहो आई, गाडीत म्हणजे कारमध्ये!"

"मग कार म्हन ना. आपली गाडी एकच हाय."

ती एकच गाडी बर्फ भरून त्याच रस्त्याने आली, भागोजी चालवत होते. पिशवी होती खरी, पण बर्फाच्या बावीस पेट्यांखाली. उपसायला अर्धा तास सहज गेला असता. साडेबारा वाजून गेले होते आणि रिक्षा एकही दिसेना.

रुचिकाने कारमधल्या बाळाच्या मऊ सीटकडे पाहिलं, पिकअपच्या सुतळीने बांधलेल्या दाराकडे पाहिलं, आणि स्वराजला छातीशी घट्ट धरून वर चढली. रितेश कारपाशी थांबला.

"बाबा, वीसच्या वर नाही हं."

"न्हाय गो."

एक सायकलवाला पुढे गेला. डोक्यावर टोपली घेऊन चाललेल्या मासळीवाल्या मनुबाईने वाट द्यायला म्हणून बाजूला होऊन पाहिलं, आणि शेवटी कंटाळून तीही पुढे निघाली.

"बाबा, आता किती आहे स्पीड?"

"काय ठाव. काटा शिमग्यालाच मेला."

"मग वीस झाले हे कळतं कसं?"

"तुज्या तोंडाकडं बघतो. डोले मोठे झाले का पाय उचलतो."

एकला दहा मिनिटं उरली. रुचिकाने ओठ आवळले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं, सासऱ्यांना अजिबात दिसणार नाही असं. पिकअपने एकदा खोकून वेग घेतला.

किशोरी नर्सबाई लसीचा डबा बंदच करत होत्या.

"कार्ड?"

"बर्फाखाली आहे."

नर्सबाईंनी तिला एकदा खालून वर न्याहाळलं, मग रजिस्टरात नाव शोधलं. सुई टोचताच स्वराजने टाहो फोडला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच रुचिकाला त्याचं रडणं गोड लागलं.