उलटी बाज

मित्रांनो, मला नुसती जुनी बाज म्हणू नका. मी भामरागडकडच्या एका गावातली, रुखमाबाईच्या घरची बाज आहे. पावसाळ्यात अख्खं गाव मला विचारत येतं!

रुखमाबाईचे यजमान लटारूभाऊ यांनी ऐनाच्या लाकडाचे माझे पाय घडवले आणि अंबाडीची दोरी स्वतः वळून मला विणलं. पाहुणा आला की पहिला मान माझा. पुढे घरात लोखंडी पलंग आला आणि माझी रवानगी गोठ्याशेजारी झाली. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. फार वाईट वाटायचं हो!

एक मात्र नेम होता. घरातलं कुणी वारलं तरच बाज उलटी ठेवायची. एरवी कुणी मला पालथं घातलं की रुखमाबाई कडाडायची, "काऊन रे, कोणाच्या जिवावर उठला?"

मग तो श्रावण आला. सून पुनमला कळा सुरू झाल्या. नाल्याला पूर, रस्ता बंद. दवाखान्याची गाडी पलीकडच्या काठावर थांबलेली. तो जड पलंग कोण उचलणार? तेव्हा साऱ्यांना माझी आठवण झाली!

पुनमचा नवरा प्रवीण आणि गावातल्या तिघांनी मला खांद्यावर घेतलं. पण नाल्यात शिरताच खाली लोंबणारे माझे पाय धारेत सापडले. मी कलंडले, पुनम घसरली. प्रवीणनं तिला कसंबसं धरलं आणि सगळे काठावर परतले.

"आई, बाज उलटी करा लागते," प्रवीण म्हणाला. "पाय वर आले त पुनम ते धरून राहीन."

कुणी हलेना. सगळे रुखमाबाईकडे पाहत होते. पुनम कण्हत होती. अखेर रुखमाबाईनं स्वतःच्या हातानं मला पालथं घातलं.

"अपशकुन लागला त मले लागू दे! माही सून पार झाली पाह्यजे!"

पुनमनं माझे दोन पाय घट्ट धरले. पाणी चौघांच्या छातीला लागलं, पण मी तिला घसरू दिलं नाही. संध्याकाळी पलीकडून प्रवीणची हाक आली, "आई, पोरगी झाली! दोघी बऱ्या हायेत!" रुखमाबाई नाल्याकाठी रडता रडता हसायला लागली.

आता उन्हाळाभर ती पोर, उर्वशी, माझ्यावर लोळते. पावसाळा लागला की रुखमाबाई माझी दोरी ताणते आणि मला ओसरीवर उलटीच ठेवते. कुणाच्या घरून कधी हाक येईल, सांगता येत नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या बाजेची दोरी सैल होऊ देऊ नका. पण आमच्या नाल्यावर पूलही बांधा. मला मिरवायला आवडतं, खोटं कशाला बोलू? तरी उर्वशी मोठी होईल, तिच्या वेळी गाडी थेट दारात यावी, आणि मी मात्र ओसरीवर सरळच राहावं.