ओलाव्याची फाइल

गिट खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, कागदही बोलतात. पण कोडची कोणती ओळ कोणी लिहिली, हे बदलांची नोंद करणारं गिट कायमचं लक्षात ठेवतं. कारधा गावातल्या ऑफिसात प्रोग्रामर कैलाश हे सगळ्यांना ऐकवायचा, नीलेशने हेल्मेट हाणून त्याचा पुढचा दात पाडेपर्यंत.

सेवकरामजींची कंपनी राइस मिलसाठी सॉफ्टवेअर बनवते. ओल्या धानाचं वजन किती कापायचं, हा हिशेब नीलेशने हंगामभर खपून लिहिला. कैलाशने ती फाइल दुसऱ्या फोल्डरात नेली, तिचं नाव बदललं आणि त्याच दमात आतलं अर्ध्याहून जास्त लिखाणही. "हिशेब ज्याचा, तो उद्या नागपूरले मोठ्या कामावर," म्हणत सेवकरामजींनी गिट उघडलं. फाइलचा इतिहास कैलाशपासून सुरू होत होता. नीलेश कुठेच नव्हता.

"काहून बे, माही फाइल कुठं गेली?"

"तुही काढून टाकली. हे माही हाय. पाय ना, लिहेलच हाय."

मग हेल्मेट. कैलाशने रक्त थुंकलं आणि कीबोर्ड नीलेशच्या कानशिलावर फोडला. नीलेशने त्याचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. कैलाश त्याच्या दंडाला चावला आणि तुकडा सुटेपर्यंत चावून राहिला. सेवकरामजी मध्ये पडले, चष्मा फुटल्यावर बाहेर पडले.

"थांबा बे!" तिसरी प्रोग्रामर दामिनी टेबलामागून ओरडली. "नाव बदललं हे गिट कुठं लिहूनच ठेवत नाही! जुनी अन् नवी फाइल जुळवून अंदाज करते. अर्धीही नाही जुळली त म्हणते, जुनी मेली, नवी जन्मली. कैलाश, आधी नुसती हलवली असती अन् मंग बदलली असती त ओळखलं असतं त्यानं!"

"मंग तू जुळव ना कमीवर!" खुर्ची डोक्यावर उचलून नीलेश म्हणाला.

दामिनीने अर्ध्याची अट तीस टक्क्यांवर आणली. जुन्या फाइलचा माग निघाला, आणि मुळाशी नाव आलं नीलेशचं.

"तुहीच हाय रे!"

नीलेशने ऐकलं, पण खुर्ची तोवर कैलाशच्या खांद्यावर उतरली होती. हाड मोडल्याचा आवाज आला. खाली पडलेल्या कैलाशने हाताला लागलेला स्क्रू पिळायचा पेचकस नीलेशच्या मांडीत मुठीपर्यंत घातला.

दुसऱ्या दिवशी दोघंही दवाखान्यात होते. नागपूरला दामिनी गेली.