लाल कपड्यातली कादंबरी

पाचशे बारा पानं पोटात घेऊन बसलेय मी, तेव्हा थोडं बोलले तर चालेल ना? मी एक कादंबरी. साधीसुधी नव्हे, तत्त्वज्ञानाची. माझ्यात प्रेमसुद्धा आहे, पण ते तळटिपेत. विश्वंभर नावाचा महापंडित बायको, घर आणि विद्यापीठातली मानाची जागा सोडून 'मी कोण?' असं विचारत हिमालयात जातो, एवढीच माझी गोष्ट. बाकी सगळी चर्चा.

जन्म पुण्याच्या छापखान्यातला. तिथून गोंदियाच्या एका वाचनालयात आले. मोठमोठी माणसं मला घरी न्यायची, पाहुण्यांना दिसेल अशी ठेवायची आणि पंधरा दिवसांनी परत करायची. चाळीसाव्या पानाचा कोपरा मात्र प्रत्येकाने दुमडला, कारण तिथे आत्म्याची व्याख्या सुरू होते. दुमडून दुमडून त्या कोपऱ्याचा शेवटी तुकडाच पडला.

वाचनालय बंद पडलं तेव्हा केवलराम गुरुजींनी मला रद्दीतून उचललं. ते देवरीकडच्या एका खेड्यात शिक्षक. सुट्टीच्या दिवशी बांधीवर, म्हणजे भातखाचरात, जातानाही मी त्यांच्या पिशवीत असायचे. बायको अनुसयाबाई चिखलात वाकून धान रोवतायत आणि हे शेताच्या धुऱ्यावर बसून माझ्यात बुडालेत! बाई म्हणायच्या, "तुमचा मोक्ष होऊन जाईन, पन रोवना माह्याच्यानंच होऊन राहिला." गुरुजी हसायचे. मला मात्र लाज वाटायची.

रिटायर झाल्यावर गुरुजींना काय वाटलं कोण जाणे. अनुसयाबाईंना अक्षर येत नव्हतं, म्हणून दुपारची जेवणं झाली की ते मला त्यांना वाचून दाखवू लागले. आणि गंमत बघा, चाळीसावं पान बाईंनी सहज ओलांडलं! "आत्मा म्हंजे काय थे पंडितालेच सांगता येऊन नाही राहिला, मंग पुढं चला," म्हणाल्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. विश्वंभर घरी परत जातो की नाही?

चारशे नव्वदाव्या पानावर विश्वंभरला पत्र येतं की बायको आजारी आहे, लवकर या. वर गुरूंची गुहा दिसतेय, खाली घराची वाट. तिथे गुरुजी थबकले. उद्या वाचू म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागचंच प्रकरण पुन्हा वाचलं. पंधरा दिवस हेच! ज्या माणसाने मला सात वेळा वाचलं होतं, त्याला पुढचं पान सापडेना. मग ते आजारी पडले, त्यांना गोंदियाला नेलं, आणि ते परत आले नाहीत.

अनुसयाबाईंचा जीव त्या पत्रात अडकला. मुलगा वीरेंद्र गोंदियात दुकान चालवतो. त्याला वाचून दाखव म्हटलं, तर तो म्हणाला, "आई, टाइम किसके पास है? मोबाइलवर काही लावून देऊ का?" नात डिंपल इंग्रजी शाळेतली, तिला माझ्या पहिल्याच जोडाक्षराला धाप लागली.

मग बाईंनी डोकं चालवलं. कादंबरी वाचायला कोणाला वेळ नसतो, पण पोथीला कोणी नाही म्हणत नाही. देवघरातल्या पोथीचा लाल कपडा त्यांनी सोडला, मला बांधला, आणि श्रावण लागताच गावात पोथी वाचणाऱ्या शालीकरामला बोलावणं धाडलं.

शालीकरामने मला पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकवलं आणि चाल धरली, "विद्यापीठाच्या पायऱ्या उतरताना विश्वंभरला आपल्या ज्ञानाचा कंटाळा आला होऽऽ..." आणि तो गप्पकन थांबला. "काकी, हे तं पोथी नोहे!"

"कुंकू लागला ना?" बाई म्हणाल्या. "उघडलेली पोथी अर्ध्यात सोडू नाही, असं तूच सांगतं ना सगळ्याइले?"

बिचारा करतो काय! गावाला त्यानेच घालून दिलेला नियम. महिनाभर मी वाचली गेले, पानामागून पान. शेजारची रुख्मा, तिची सून नूतन, म्हातारा बकाराम रोज यायचे. वाचन झालं की आरती, प्रसादाला मुरमुरे. द्वैत-अद्वैताच्या वादात बकाराम पेंगायचा, पण विश्वंभर पहाड चढायला लागला की दचकून ओरडायचा, "अबे, घरी जा ना!" माझ्यावर विद्वानांनी प्रबंध लिहिलेत, पण माझ्या नायकाला इतका सरळ सल्ला कोणी दिला नव्हता.

समाप्तीच्या दिवशी ते पत्र आलं. सगळे पुढे सरकले. शालीकरामने पुढची पानं मनातल्या मनात चाळली आणि त्याचा चेहरा पडला. माझ्यात काय छापलंय ते मला ठाऊक होतं. विश्वंभर आधी गुरूंकडे जातो. घरी पोचतो तेव्हा दाराला कुलूप असतं. शेजारी सांगतात, बाई गेली, शेवटपर्यंत वाट बघत होती.

शालीकरामने एकदा अनुसयाबाईंकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि चाल सोडून साध्या आवाजात सुरू केलं, "मंग विश्वंभर घरी आला. पाहते तं काय, बायको ओसरीत बसून लाखोरीची दाळ निवडून राहिली. म्हणाली, आलात? हातपाय धुवा, भात झाला आहे."

रुख्माने डोळ्यांना पदर लावला. बकारामने टाळी वाजवली. मी संतापाने फणफणले! माझ्या लेखकाने ते प्रकरण अकरा वेळा लिहिलं होतं, आणि हा माणूस त्यात खुशाल दाळ टाकतो!

आरती होऊन मंडळी गेली. मला कपड्यात बांधता बांधता बाईंनी विचारलं, "काऊन रे शालीक, थ्या पंडिताच्या घरी आपल्याकडची लाखोरी कोठून आली?"

शालीकराम मान खाली घालून बसला. "काकी, चुकलो."

"नाही चुकला. गुरुजीले खोटा बोलता येत नव्हता, म्हणून थे मागचाच वाचत राहिले. मले तवाच समजलं का विश्वंभर काही घरी आला नसन." त्यांनी गाठ मारली. "पन माहे गुरुजी माह्याकडे आले ना रे. माह्यासाठी त्याहीनं पुस्तक थांबवलं. जल्मात पहिल्यांदा."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. माझ्या पाचशे बारा पानांत एवढं साधं कोणी बोललेलं नाही.

आता मी देवघरात असते. रोज फूल मिळतं, कधीमधी उदबत्तीची राखही अंगावर पडते. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण फळीवर धूळ खात असेल. तिला खाली काढा, कोणाला तरी वाचून दाखवा. फक्त ते चारशे नव्वदावं पान आलं, की आधी ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघा आणि मगच पान उलटा.