कोपऱ्यातली तीन अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना निळा पडदा आहे आणि ही हकिकत धुण्याच्या टोपलीतून सांगतो आहे. नाटकाचा पडदा म्हणाल, तर तो मी नव्हे. तो मखमली आणि श्रीमंत, तो उघडला की लोक टाळ्या वाजवतात. मी रंगपटाच्या दारावरचा साधा सुती पडदा. लंडनच्या एका नाटकघराच्या तळघरातल्या बोळात माझी बहुतेक हयात गेली. रंगमंच मी आजवर पाहिलेला नाही. वर नेमकं काय चालतं, याचं कुतूहल मात्र मला पहिल्या दिवसापासून आहे आणि ते अजून फिटलेलं नाही.

माझा जन्म जपानातल्या कानाझावा गावी, यासुजी हिरानो या रंगाऱ्याच्या कारखान्यात झाला. यासुजींची नखं कायमची निळी झालेली. त्यांनी रंगवलेलं कापड शंभरदा धुवा, पाण्याला निळी छटासुद्धा यायची नाही, आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. बोलणं मात्र मोजकंच. त्यांची एकुलती एक मुलगी फुसाए. तिने विलायतेला जाऊन नटी व्हायचं ठरवलं, तेव्हा त्या घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. नवव्या दिवशी यासुजींनी मला रंगवायला घेतलं.

तिकडे रीत अशी, की नटाला रंगपटाच्या दारासाठी पडदा भेट द्यायचा. मध्ये नटाचं नाव आणि डाव्या कोपऱ्यात देणाऱ्याचं. जिथे अक्षर हवं तिथे तांदळाची खळ लावून कापड निळीत बुडवतात, म्हणजे तेवढी जागा पांढरी राहते. माझ्या मध्यावर ‘फुसाए हिरानो’ असं सुरेख उमटलं. कोपऱ्यात मात्र तळहाताएवढा पांढरा चौकोन कोराच राहिला.

“बाबा, इथे तुमचं नाव नाही घातलंत?” फुसाएने विचारलं.

“तुझं काम कुठे बघितलंय मी अजून? न बघितलेल्या मालावर मी नाव घालत नाही,” यासुजी म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

फुसाएने माझी घडी करून पेटीत ठेवली. बोटीवर रोज ती पेटी उघडून त्या चौकोनावर हात फिरवायची. तो भरायचा, हे तिने तिथेच मनाशी पक्कं केलं असावं.

लंडनमध्ये माझ्यामुळे सगळ्यांची पंचाईत झाली. तिथला माणूस दार ठोठावल्याशिवाय आत येत नाही, आणि कापड ठोठावणार कसं? बिचारे बाहेर उभे राहून खाकरत. क्लिफ नावाचा दारवान तर पहिल्या दिवशी तोंडानेच “ठक ठक” म्हणाला आणि फुसाए हसत सुटली. तिचे कपडे सांभाळणारी एनिड जिभेने तिखट होती.

“अगं बये, नवाकोरा पडदा आणि कोपऱ्याला ठिगळ?”

“ठिगळ नाही ते. जागा ठेवलीय.”

“कुणासाठी?”

“बाबांसाठी.”

एनिडने पुन्हा कधी विचारलं नाही.

कामं मिळत गेली, पण कसली? मोलकरीण, हेराची बायको, हॉटेलातली स्वागतिका. सिनेमेही मिळाले. तेव्हा मी चित्रीकरणाच्या गाडीच्या दाराला टांगलेला असे. सिनेमात ती बहुधा मरायची. एनिड विचारायची, “या खेपेला कितव्या मिनिटाला मरतेस? त्या बेताने चहा टाकते.” फुसाए हसायची, पण यातलं काही बाबांना कळवायची नाही. दर नव्या वर्षी ती मला स्वतः गार पाण्यात धुवून सावलीत वाळवायची.

आमच्या बोळात एक स्पीकर होता. वरच्या नाटकाचा आवाज त्यातून खाली यायचा. त्यामुळे फुसाएचा अभिनय मला फक्त कानांनी ठाऊक. “चहा ठेवू का, साहेब?” हे एकच वाक्य मी तिच्या तोंडून अकरा तऱ्हांनी ऐकलं आहे. ते म्हणताना तिचे हात काय करत असतील, हा विचार मला फार छळायचा.

बाराव्या वर्षी तिला खरी भूमिका मिळाली. खलाशाच्या विधवेची. तिसऱ्या अंकात मुलगाही बुडाल्याचं पत्र येतं आणि त्यावर तिचं पानभर भाषण. आरशासमोर तिने ते इतकं घोकलं की मलाही पाठ झालं. मग तिने बाबांना एका ओळीचं पत्र टाकलं: ‘आता या.’

आणि यासुजी आले. इंग्रजीचं एक अक्षरही येत नव्हतं त्यांना. “म्हातारबुवा तिसऱ्या रांगेत बसलेत. कोट काही काढत नाहीत,” अशी बातमी एनिडने आणली.

तिसरा अंक सुरू झाला. स्पीकरमधून दारावरची थाप ऐकू आली, मग पत्राची चुरचुर. आणि मग काहीच नाही. प्रॉम्प्टरने भाषणाचा पहिला शब्द कुजबुजला. पुन्हा कुजबुजला. तरी काही नाही. विसरली, असं मला वाटलं. नेमकी आज, बाप समोर असताना. आता तो चौकोन जन्मभर कोरा राहणार. माझ्या शेजारी एनिड पुढच्या प्रवेशाची शाल छातीशी धरून उभी होती. “बोल गं, बोल,” ती पुटपुटत होती.

मग टाळ्या सुरू झाल्या. इतक्या, की तो जुना स्पीकर खरखरायला लागला.

फुसाए खाली आली, आणि मागोमाग दिग्दर्शक. “आख्खं पान गिळलंस तू! लेखक बसलाय वर, त्याला काय सांगू?”

“बाबांना इंग्रजी येत नाही,” ती म्हणाली. “त्यांच्यापुढे बोलून काय उपयोग होता?”

दिग्दर्शक लेखकाची समजूत घालायला वर निघून गेला.

रंगमंचावरच्या त्या न बोललेल्या वेळात तिने काय केलं? क्लिफ म्हणे, पत्राची घडी करून खिशात ठेवली, बस. प्रॉम्प्टर म्हणे, कप विसळला. एका नटाने तर शपथेवर सांगितलं की तिने काहीच केलं नाही. मित्रांनो, मला ते आजही कळलेलं नाही.

थोड्या वेळाने यासुजी आले. ते खाकरले नाहीत. हाताच्या मागच्या बाजूने त्यांनी मला अलगद उचललं, जसं उचलायला हवं तसं. बारा वर्षांत प्रथमच. मग वाकून त्यांनी माझा कोपरा पाहिला.

“इतका वेळ सगळे बडबडत होते, मला काही कळलं नाही,” ते म्हणाले. “तू गप्प बसलीस, तेव्हा कळलं.” आणि मग, “लिहायला काय आहे?”

फुसाएने भुवया रेखायची काजळाची पेन्सिल पुढे केली. त्यांनी टोक निळ्या नखावर घासून पाहिलं.

“हा रंग टिकणार नाही.”

“मग?”

“मग धुवू नकोस.”

ज्या माणसाने आयुष्यात कच्चा रंग दुकानाबाहेर जाऊ दिला नाही, त्याने माझ्यावर काजळाने लिहिलं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. फुसाएने मला पुन्हा पाणी लावलं नाही. अठ्ठावीस वर्षं धूर, पावडर, रस्सा, सगळं माझ्यावर साठलं. “उकळलं तर याचं सूप होईल,” एनिड म्हणायची. “होऊ दे,” फुसाए म्हणायची.

फुसाएला जाऊन आता दोन वर्षं झाली. मी कपडेपटातल्या कपाटात होतो. आज सकाळी तिथल्या नव्या बाईंनी, बेरिलबाईंनी मला बाहेर काढलं. “शी, काजळ लागलंय,” म्हणत त्यांनी ओलं बोट कोपऱ्यावर घासलं. सर्वांत वरची रेघ फिकी झाली. मग बोट थांबलं. त्यांनी मला खिडकीपाशी धरलं. “लिहिलंय की काय कुणी?” असं स्वतःशीच म्हणत मला टोपलीत ठेवून त्या वर विचारायला गेल्या आहेत.

पण विचारणार कुणाला? क्लिफ राहिला नाही. एनिड वृद्धाश्रमात आहे. ही अक्षरं वाचणारं या इमारतीत कुणीही नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं डागाळलेलं जुनं कापड असेल. ते भिजत घालण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, एवढी माझी विनंती आहे.

जिन्यावर पावलं वाजताहेत. बेरिलबाई भेटल्या तर त्यांना सांगाल? जपानीत ती तीनच अक्षरं आहेत. यासुजींनी तिथे स्वतःचं नाव घातलं नाही, दुकानाचंही नाही. नुसतं लिहिलंय, ‘बाबांकडून’.