दाजींचा साचा

दाजी गेल्यानंतर वन्संनी पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं, ते साचेवालीकडे. आणि मागितलं तेही असं, की आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं.

"मला ह्यांचा एक सैनिक करून दे," वन्सं म्हणाल्या.

साचेवाली म्हणजे वन्संच्या धाकट्या भावाची बायको. पूर्वी ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर होती. मग कवळ्या सोडून ती अंगठ्याएवढे सैनिक बनवू लागली. टेबलावर सैन्यं मांडून, फासे टाकून लढाई खेळतात ना, त्या खेळातले. मूळ सैनिक हाताने घडवायचा, त्याच्याभोवती सिलिकॉन ओतून साचा करायचा, आणि त्या साच्यात रेझिन ओतून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. घराची मागची खोली तिने या कामाला घेतली होती. वन्सं या सगळ्याला 'भातुकली' म्हणत. त्यांनी जन्मभर मुलींच्या शाळेत कवायत शिकवली होती. ज्याला सावधान म्हटल्यावर टाचा जुळवता येत नाहीत त्याला सैनिक म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

दाजींचं तसं नव्हतं. दाजी म्हणजे वन्संचे यजमान, पाणीपुरवठा खात्यात कारकून. मेहुण्याने, म्हणजे साचेवालीच्या नवऱ्याने, एकदा त्यांना खेळाच्या क्लबात नेलं आणि ते तिथलेच होऊन बसले. मेहुणा दाजी म्हणतो म्हणून सगळा क्लब त्यांना दाजी म्हणू लागला, वयाने मोठे होते तेसुद्धा. साचेवालीकडून एकेक सैनिक घेऊन त्यांनी अख्खं सैन्य उभं केलं, बसून रंगवलं. सेनापती मात्र घेतला नाही. एकही पसंत पडेना. त्याच्या जागी ते कोटाचं एक बटण ठेवत. ते बटण कुणाच्या कोटाचं, हे वन्संना दाजी गेल्यावर कळलं.

"आता त्यांना सेनापती पाहिजे," वन्सं म्हणाल्या. "बटण मी माझ्या कोटाला परत शिवून टाकलंय."

साचेवालीने फोटो मागितला.

"फोटोत ते श्वास रोखून उभे राहायचे. मी सांगते तसं कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं आल्या, स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. साचेवालीने तारेचा सांगाडा वाकवला, त्यावर पुटीचे गोळे चढवले आणि दात कोरायच्या सळीने आकार द्यायला घेतला.

"पोट कमी केलंस."

"वन्सं, सेनापती आहे. थोडं आत घेतलं."

"जन्मभर मी सांगून आत गेलं नाही, ते तू सळीने घेणार? होतं तेवढं कर."

साचेवालीने पोट होतं तेवढं केलं. मान जरा पुढे आणली, खांदे पाडले. हे सगळं बरोबर जमलं, असं वन्सं म्हणाल्या नाहीत. पण त्यांचं बोलणं थांबलं, त्यावरून ते समजलं. मग शस्त्राचा प्रश्न आला. तलवार दाखवल्यावर वन्संनी नाक मुरडलं.

"त्यांना टोमॅटो चिरता येत नव्हता. तलवार कुठली देतेस?"

"मग हातात काय देऊ? दुर्बीण? झेंडा?"

"काही नको. हात मागे बांधलेले. रस्त्यावर कुठे खड्डा खणत असले की बघत उभे राहायचे, तसे."

साचेवालीला हे एकदम पटलं. हात अंगाला चिकटलेले असले की साच्यात काही अडकत नाही, प्रत अलगद सुटते. झेंडा घेतलेल्या माणसाचा झेंडा दर तिसऱ्या प्रतीत मोडतो. तिने तसं बोलून दाखवलं.

"बघ," वन्सं म्हणाल्या, जणू दाजींनी हा विचार करूनच हात मागे बांधले होते.

पुटी कडक झाल्यावर साच्याचं काम निघालं. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची चौकट केली, तिच्यात खेळण्याची माती भरली आणि दाजींना पाठीवर झोपवून अर्ध्यापर्यंत मातीत दाबलं. वन्संनी हे बघून मान फिरवली, पण त्या उठल्या नाहीत. वरून सिलिकॉनची बारीक धार सोडली. ते घट्ट झालं की चौकट उलटायची, माती काढायची, तयार झालेल्या अर्ध्यावर ब्रशने एक मेणाचा लेप फिरवायचा आणि मग दुसरा अर्धा ओतायचा. या सगळ्यात विसरून चालत नाही ती गोष्ट म्हणजे तो लेप. सिलिकॉनला दुसरं काही चिकटत नाही, पण सिलिकॉन सिलिकॉनला असं चिकटतं की सख्खे भाऊसुद्धा तसे राहत नाहीत. साचेवाली हे नव्या माणसाला कायम सांगे.

त्या दिवशी दुपारी तिने माती काढली, लेपाची बरणी उघडली, ब्रश हातात घेतला. आणि वन्सं बोलायला लागल्या. इतके महिने त्यांनी तो विषय कुणापाशी काढला नव्हता.

"मोजा शोधत होते," त्या म्हणाल्या. "एक पायात होता, दुसरा सापडेना. मला विचारलं, माझा मोजा कुठंय. मी म्हटलं, काढलात तिथे असेल. मग मीच गेले. पलंगाखाली होता. झटकून घेऊन आले तर हे खुर्चीत तसेच बसलेले. मी आपली मोजा धरून उभी. मला वाटलं रुसलेत."

साचेवाली ब्रश धरून ऐकत राहिली.

"डॉक्टर आले, शेजारी आले, तुम्ही आलात. तो मोजा माझ्या हातात होता. कुणी घेतला नाही, मीही कुणाला दिला नाही. शेवटी पायात घातला त्यांच्या. एका मोज्यावर कसं पाठवायचं माणसाला?"

साचेवालीने ब्रश खाली ठेवला, वन्संच्या खांद्यावर हात ठेवला. वन्संनी तो थोडा वेळ राहू दिला. मग म्हणाल्या, "चल, तुझं काम राहतंय." तिने कालवलेलं सिलिकॉन उचललं आणि ओतलं.

लेप न लावताच.

सकाळी चौकट काढल्यावर तिला कळलं. दोन अर्धे असतात तिथे एक अखंड ठोकळा होता. नख घालायला फट नव्हती. तिने तो हातात फिरवून पाहिला. तिच्या नवऱ्याने चहाचा कप घेऊन आत डोकावलं आणि विचारलं, "काय झालं?"

"दाजी आत अडकले."

"ताईला सांगितलंस?"

"तुम्ही सांगा."

"तू केलंस, तू सांग," असं म्हणून नवरा कपासकट चष्म्याच्या दुकानात कामाला निघून गेला. कप त्याने संध्याकाळी परत आणला.

वन्सं आल्यावर साचेवालीने ठोकळा त्यांच्यासमोर ठेवला आणि झालं ते सांगितलं. बोलण्याच्या नादात विसरले असं म्हणताना ती अडखळली, कारण बोलणाऱ्या त्याच होत्या. वन्संनी ठोकळा उचलला, कानाजवळ नेला, जरा हलवला. आवाज आला नाही.

"आता?"

"कापून बाहेर काढावं लागेल. आतलं दिसत नाही. पातं अंगाला लागू शकतं. लागलं तर पुन्हा पहिल्यापासून घडवू."

"पुन्हा नाही," वन्सं म्हणाल्या. "हेच आहेत ते. काप. मी धरते."

त्यांनी ठोकळा दोन्ही हातांनी टेबलावर असा दाबून धरला, की शाळेतल्या मुली असत्या तर रडल्या असत्या. साचेवालीने पाठीच्या बाजूने पातं घातलं आणि नागमोडी कापत गेली. सरळ कापलं तर साचा परत मिटवताना कडा जुळत नाहीत, नागमोडी कापलं की जुळतात. ठोकळा हळूहळू पुस्तकासारखा उघडला आणि दाजी दिसले. हात मागे, पोट पुढे.

डाव्या कानाला पातं लागलं होतं. कान अर्धा गेला होता.

साचेवालीचा चेहरा पडला. वन्संनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"त्या कानाने ऐकू येत नव्हतंच," त्या म्हणाल्या.

साचा मात्र वाया गेला नाही. दोन्ही बाजूंना पट्ट्या लावून, रबर चढवून घट्ट मिटवला की काम भागत होतं. दोघींनी मास्क आणि हातमोजे घातले. साचेवालीने दोन बाटल्यांतलं रेझिन सारखं मोजून कालवलं आणि ओतलं. पहिल्या प्रतीत नाकाच्या जागी बुडबुडा आला. दुसऱ्या प्रतीत पोट पोकळ निघालं. तिसरी बरी होती, पण बूट अर्धवट. साचेवालीने सवयीने तिन्ही प्रती उचलल्या आणि कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला.

"फेकतेस?" वन्सं म्हणाल्या.

तिने हात मागे घेतला. मग तिने साचा जरा तिरका धरून, टिचक्या मारत ओतलं, आणि बुडबुडे राहू नयेत म्हणून दाबाच्या भांड्यात ठेवला. चौथ्या वेळी दाजी पूर्ण निघाले. बाकीचे तिघे खिडकीत गेले. तिथे ती एरवी कोथिंबिरीची कुंडी ठेवायची. कुंडी तिने स्वयंपाकघरात हलवली.

रविवारी दुपारी क्लबात दाजींचं सैन्य मांडलं गेलं. क्लब म्हणजे कुलपांच्या दुकानावरची एक खोली, त्यात मोठं टेबल आणि हिरवं कापड. दाजींच्या बाजूने त्यांचा मेहुणा उभा राहिला. समोर सुतार. सुतार हा दाजींचा कायमचा प्रतिस्पर्धी. दर रविवारी तो दाजींना हरवायचा आणि दाजी घरी येऊन वन्संना सांगायचे, "आज थोडक्यात गेलं." वन्सं भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. आजवर त्या या खोलीची पायरी चढल्या नव्हत्या.

सेनापती सैन्याच्या मागे, टेकडीवर ठेवला. रंग वन्संनी स्वतः दिले होते. अंगात दाजींचा नेहमीचा स्वेटर होता, तपकिरी.

खेळ सुरू झाला आणि लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं की सुतार वेड्यासारखा खेळतोय. त्याचे घोडेस्वार टेकडीला वळसा घालून रिकाम्या शेतात जाऊन उभे राहिले. तोफा भलतीकडे. दाजींच्या मेहुण्याने वाट मोकळी सोडली तरी सुतार पुढे सरकेना. वन्संना खेळ कळत नव्हता, पण कामचुकारपणा त्यांना लांबून ओळखू येई.

"हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या.

सुताराने पट्टी खाली ठेवली. "ताई, दाजी आहेत हो तिथे."

"मग?"

"कसं मारू?"

"दर रविवारी कसं मारायचात?"

"तेव्हा बटण होतं."

वन्सं उठून टेबलापाशी आल्या. "हे बघा. घरी येऊन ते तुमच्याबद्दल बोलायचे. सुतार सोडत नाही म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे. आता तुम्ही सोडायला लागलात तर त्यांना काय वाटेल? खेळा नीट."

सुताराने नाक पुसलं, घोडेस्वार वळवले आणि पट्टीने अंतर मोजलं. बाकीचे खेळ सोडून जवळ आले. त्याने फासे टाकले. चुकले. त्याने सुटकेचा श्वास टाकला.

"पुन्हा कधी टाकायचे?" वन्संनी विचारलं.

"माझी पाळी पुन्हा आली की."

"मग टाका."

पुढच्या पाळीला फासे लागले. दाजींच्या मेहुण्याने सेनापती उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून तसाच हातात धरला. वन्संनी तळहात पुढे केला. त्याने त्यांच्या हातावर ठेवला.

"आता काय होतं?" वन्संनी विचारलं.

"सेनापती गेला की बाकीच्यांनी टिकायचं की पळायचं, ते फाशांवर ठरतं," त्यांचा भाऊ म्हणाला.

"टाक."

त्याने टाकले. सैन्य पळालं.

वन्संच्या तोंडून एक आवाज निघाला. साचेवाली घाबरून उठली, पण ते हसू होतं. "ऑफिसातसुद्धा असंच झालं असतं," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावून खाली बसल्या. मग मात्र त्या बराच वेळ रडल्या. सुतार शेजारी पाण्याचा ग्लास धरून उभा राहिला. जमलेल्यांपैकी एकाने सैनिक आवरायला घेतले तसं वन्संनी पदराआडूनच त्याला हटकलं, "राहू दे मांडलेलं. अजून खेळायचंय ना?"

दुसरा डाव त्या स्वतः खेळल्या. नियम भाऊ सांगत होता, त्यातले निम्मे त्यांनी मानले. सैनिक त्यांनी उंचीप्रमाणे रांगेत उभे केले. त्या वाईट हरल्या आणि हरताना सुताराशी भांडल्या, की तो पट्टी तिरकी धरतो. सुताराचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला.

निघताना त्याने साचेवालीला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, त्या साच्यातून अजून एखादी प्रत निघेल का. म्हणजे ताईंची हरकत नसेल तर, त्याच्या सैन्यासाठी. वन्संनी ते ऐकलं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"तुमच्या बाजूने लढायचं त्यांनी? माझ्याविरुद्ध?"

"तसं नाही हो, ताई. मागे उभं करीन. लढायला नाही."

वन्संनी विचार केला. वर खोलीत कुणीतरी दिवे घालवत होतं.

"एक काढून दे गं त्यांना," त्या साचेवालीला म्हणाल्या. "पण तुम्ही स्वेटर वेगळ्या रंगाचा द्या. नाहीतर मला कळायचं नाही, माझे कुठले."