जनाचा स्टो

स्टोचा भडका उडून जना भाजली, असा निरोप दहिवलीला आला तेव्हा विमलबाई भात झोडत होती. ती आणि तिचा नवरा धाकलू तशीच मातीच्या पायांनी खोपोलीला निघाली. पोचली तोवर सगळं संपलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात जनाची सासू अंबाबाई भिंतीला टेकून बसली होती. विमलबाईला पाहताच ती छाती पिटत ओरडली, "तुमीच दिलेला स्टो गं बाई! तुमच्याच स्टोनं घात केला!"

ते वाक्य विमलबाईच्या काळजात रुतून बसलं. स्टो तिनंच दिला होता. लग्नात रुखवतावर मांडायला पितळी, पंपाचा स्टो घेतला होता आणि टाकीवर कर्जतच्या कासाराकडून नाव घालून घेतलं होतं, 'चि. जना हिस आईकडून'. आख्ख्या वाडीत तसा स्टो कुणी लेकीला दिला नव्हता.

पण सासरी त्याचं कौतुक झालं नाही. जावई गजानन कारखान्यात कामाला, घर खोपोलीच्या चाळीत. शेजारी दोन घरांत गॅस आलेला. अंबाबाईलाही गॅस हवा होता आणि तो सुनेच्या माहेरानं द्यावा, असं तिचं म्हणणं. धाकलूनं नंबर लावला, पण तेव्हा गॅसचा नंबर वर्षानुवर्षं लागत नसे. तोवर गजानननं विजेची शेगडी आणली.

जना माहेरी आली की आईजवळ मन मोकळं करायची. "आये, त्या शेगडीवर भाकर फुगतच नाय. तवा मधीच तापतो, कडा कच्च्या ऱ्हातात. नि लाईट गेली की पीठ मळून बसायचं. मागच्या पडवीत चूल घातली तर म्हनते, भिंती काळ्या करतेस. स्टो पेटवला तर म्हनते, आवाजानं डोकं फुटतं. माळ्यावर टाकून दिला तिनं तुझा स्टो."

"मग रांधायचं तरी कशावर?"

"गॅसवर, म्हनते. आना बापाकडून."

हे सांगताना जना हसली होती. पुढच्या खेपेला हसली नाही. त्याच्या पुढच्या खेपेला तिच्या दंडावर वळ होते आणि विमलबाईनं तिला समजावून परत धाडलं होतं. गॅस येईल गं, आज ना उद्या येईल.

पोलिसांनी पंचनामा केला. स्वयंपाकघरात काळा पडलेला, टाकी फाटलेला एक स्टो सापडला. अपघात म्हणून कागद बंद झाले.

दिवसकार्य उरकल्यावर गजाननच्या परगावी राहणाऱ्या भावानं जनाची भांडीकुंडी टेंपोत घालून दहिवलीला पाठवून दिली. त्याला ती अडगळ आईच्या घरात नको होती. माळा झाडून जे हाती लागलं ते त्यानं न बघता पोत्यात भरलं होतं. विमलबाईनं ओसरीवर पोतं उपडं केलं. ताटं निघाली, कळशी निघाली, आणि जुनेरात गुंडाळलेलं काहीतरी जड निघालं.

पितळी स्टो. धूळ बसलेला, बाकी धड. टाकीवर नाव तसंच.

ती बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसली. मग उठून तिनं रॉकेल भरलं, काकडा पेटवून बर्नर तापवला, पंप मारला. स्टो घरघरला आणि निळी ज्योत उभी राहिली. धाकलू दारात थिजला.

"हा फुटला म्हनं," विमलबाई म्हणाली.

दोघं चौकीत गेली. हवालदारानं स्टो फिरवून पाहिला. "घरात दोन स्टो असतील. नि नाव काय, कुनीबी घालून आनंल. केस बंद झाली, बाई. घरी जा." पुन्हा गेली, तेव्हा त्यांना बाकावरही बसू दिलं नाही.

वर्ष सरलं. गजाननला मुली बघायला सुरुवात झाल्याचं विमलबाईच्या कानावर आलं. चौक गावाजवळच्या एका खेड्यात येसाजी म्हणून शेतकरी होता, त्याच्या मुलीसाठी बोलणी चालली होती. विमलबाईनं स्टो पिशवीत घातला.

"कुठं निघालीस?" धाकलूनं विचारलं.

"चहा करायला."

तो समजला. "पोर परत येनार हाय का त्यानं?"

"नाय येनार. पन त्या रांडंला सून मिळनार नाय. मी मिळू द्यायची नाय."

येसाजीच्या घरी तिनं आपण कुठली, ते सांगितलं आणि पाणी मागितलं. येसाजीची बायको मालनबाई चुलीकडे वळली, तशी विमलबाई म्हणाली, "चहा मी करते. माझ्याकडं स्टो हाय. थोडं रॉकेल तेवढं द्या."

घरातल्यांना नवल वाटलं, पण पाहुणी वयानं मोठी, कोण नको म्हणणार? तिनं ओटीवर स्टो मांडला, पेटवला, आधण ठेवलं. लग्नाची मुलगी दाराआडून बघत होती. विमलबाईनं सगळ्यांना कपबशा दिल्या. सगळ्यांचा चहा पिऊन होईपर्यंत ती थांबली.

"चांगला झाला का?"

"झ्याक," येसाजी म्हणाला.

"नाव वाचा वरचं."

येसाजीनं वाकून वाचलं. "जना कोन?"

"माझी लेक. गजाननची पयली बायको. हा स्टो फुटून मेली ती."

मालनबाईच्या हातातली बशी खाली आली. स्टो घरघरतच होता. शेवटी येसाजीनंच चावी सोडून तो बंद केला. दाराआडची मुलगी पुढे आली आणि विमलबाईच्या पाया पडली.

ते लग्न मोडलं. नंतर कडावकडचं स्थळ आलं, तिथेही विमलबाई गेली. मग नेरळचं, मग पेणच्या बाजूचं. एका घरातून तिला हाकलून दिलं. तिनं त्यांच्याच अंगणाबाहेर, रस्त्यावर बसून चहा केला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाजला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. हळूहळू तिला जावंही लागेना. खोपोलीच्या गजाननचं नाव निघालं की लोकच विचारत, "स्टोवाला का?"

कारखान्यातही त्याला तेच नाव पडलं. त्यानं दोनदा मारामारी केली, दारूला लागला आणि एक दिवस आईला न सांगता सुरतेकडे निघून गेला.

कर्जतच्या बाजारात अंबाबाईनं विमलबाईला गाठलं. ती वाळली होती. "माझ्या लेकाचं वाटोळं केलंस तू!"

"तो जिता हाय ना?" विमलबाई म्हणाली. "मग कसलं वाटोळं?"

अंबाबाईचा आवाज उतरला. तिनं विमलबाईचा हात धरला. "झालं ते झालं गं. माझी चूक झाली म्हन. घरी गॅस आलाय आता, नवा. तो घेऊन जा तुमी, नि हे थांबव. त्याला परत येऊ दे."

चूक झाली, हे तिनं भर बाजारात म्हटलं होतं. भाजीवाल्या बायांनी ऐकलं. विमलबाईनं हात सोडवून घेतला.

"गॅस आला? मग रांधतं कोन त्याच्यावर?"

"मीच. दुसरं कोन हाय?"

"रांध. एकटीपुरतं रांध. एकटीनं खा. शंभर वर्षं खा."

अंबाबाई तिथंच, टोपल्यांच्या मधे, मटकन खाली बसली. कुणी तिला उठवायला पुढं झालं नाही. विमलबाई उभी राहून बघत होती. तिला दया आली नाही. अंबाबाई बोलली तो एकेक शब्द, तिच्या हनुवटीचं थरथरतं मांस, सगळं तिनं नीट डोळ्यांत भरून घेतलं. उद्या पोलिसांत जाऊन सांगितलं तरी काही होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. एवढंच मिळणार होतं आणि ते तिनं पुरतं घेतलं.

घरी परतताना तिनं वाटेत सुके बोंबील घेतले. धाकलू ओसरीवर होता. तिनं चुलीत लाकडं सारली, बोंबील भाजले, नाचणीच्या भाकऱ्या थापल्या. जना गेल्यापासून ती ताटावर नुसती बसत होती. त्या संध्याकाळी तिनं तिसरी भाकर मोडली, तेव्हा धाकलूनं तिच्याकडे पाहिलं.

"भूक लागली," ती म्हणाली, आणि जेवत राहिली.